नो डिस्प्ले: म्हापशाच्या टेबलावरच्या नोंदी

९ जून २०२५

दुरुस्तीच्या टेबलावर आठ लॅपटॉप मशीनं. आठांपैकी पाच पावत्यांवर जवळपास एकच ओळ: ‘लॅपटॉप चालू जाता, पूण स्क्रीन येना.’ या ओळीत निदान काहीच नाही, पण काम नेमकं तेवढंच आहे. चवथ (गणेश चतुर्थी) २७ ऑगस्टला. त्याआधी आठही बोर्डांचा (मदरबोर्डांचा) निकाल लावायचा आणि मोजमापांची एक वही तयार करायची.

यादीत घेतलेली मशीनं तीच, ज्यांचं चित्र एचडीएमआयवरून बाहेरच्या मॉनिटरवर येतं. म्हणजे प्रोसेसर, रॅम, बायोस चालू आहेत आणि बिघाड पॅनलच्या (लॅपटॉपच्या पडद्याच्या) वाटेवर कुठेतरी आहे. ही चाचणी शंभर टक्के निर्वाळा देत नाही. प्रोसेसरमधून पॅनलकडे जाणाऱ्या सिग्नलच्या जोड्या वेगळ्या आणि एचडीएमआयकडे जाणाऱ्या वेगळ्या, त्यामुळे एक बाजू मेली तरी दुसरी जिवंत राहू शकते.

अंधारात टॉर्च तिरपा मारून वाटणी केली. चित्र पुसटसं दिसतं पण उजेड नाही: बोर्ड ४ आणि ६. उजेड आहे, चित्र नाही किंवा बिघडलेलं: २ आणि ८. दोन्ही नाही: १, ३, ५, ७. शेवटचा गट बघून दोन बिघाड आहेत असं समजू नये. ईडीपी (प्रोसेसरकडून पॅनलला चित्र नेणारी डिजिटल जोडणी) पॅनलात आधी लिंक, म्हणजे दोघांमधला दुवा, जुळते आणि मग बॅकलाइटला, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाला, हुकूम जातो. लिंकच जुळली नाही तर बॅकलाइट धडधाकट असूनही लागत नाही.

केबल काढण्या-घालण्याआधी अडॅप्टर बाहेर, बॅटरीचा कनेक्टर बाहेर, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं. बऱ्याच बोर्डांवर बॅकलाइटच्या पिनांना मुख्य सप्लायच मिळतो, म्हणजे अडॅप्टर असताना १९ व्होल्ट. केबल किंचित तिरकी बसली आणि ते १९ व्होल्ट शेजारच्या सिग्नलवर गेले, तर नुकसान थेट प्रोसेसरपर्यंत पोचतं.

११ जून

मोजण्यासाठी मधला बोर्ड बनवला. एका बाजूला ३० पिनांची ईडीपी केबल, दुसऱ्या बाजूला पॅनल. पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर, त्यामुळे चालू मशीनवर प्रोब थेट कनेक्टरला लावणं म्हणजे आपण होऊन शॉर्ट करणं.

वहीत पहिल्या पानावर पिना लिहिल्या. ३ व ४ लेन एक (लेन म्हणजे चित्राचा डेटा नेणारी दोन रेषांची जोडी), ६ व ७ लेन शून्य, ९ व १० ऑक्स (प्रोसेसर आणि पॅनलच्या बोलण्याची सावकाश जोडी), १२ व १३ पॅनलचे ३.३ व्होल्ट, १४ पॅनलची स्वतःची चाचणी, १५ व १६ ग्राउंड, १७ एचपीडी (पॅनल हजर असल्याची खूण), १८ ते २१ बॅकलाइटचं ग्राउंड, २२ बॅकलाइट एनेबल (उजेड लावण्याचा हुकूम), २३ पीडब्ल्यूएम (उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल), २६ ते २९ बॅकलाइटचा सप्लाय. २४ आणि २५ रिकाम्या असतात. पीडब्ल्यूएम आणि १९ व्होल्ट यांच्यामध्ये तेवढीच काय ती मोकळी जागा. याच दोन पिनांवर हिरवट थर बसला की काम चिघळतं.

पहिला मधला बोर्ड फसला. सगळ्या तीस पिनांना दहा सेंटिमीटरच्या वायरी काढून पट्टीवर आणल्या होत्या. चांगलं मशीन लावलं तर चित्र फडफडलं आणि गेलं. लेनवर सेकंदाला २.७ गिगाबिट धावतात. त्या वेगाला लटकती वायर म्हणजे सिग्नल परतवणारी भिंत. लेनच्या चारही वायरी मुळाशी कापल्या आणि त्या जोड्या सरळ आरपार ठेवल्या. बाहेर काढल्या फक्त सावकाश रेषा: ३.३ व्होल्ट, एचपीडी, ऑक्स, एनेबल, पीडब्ल्यूएम, बॅकलाइट सप्लाय. आता चित्र स्थिर. ऑक्सच्या वायरी दोन सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवलेल्या नाहीत.

१४ जून

डायोड मोडची (मीटरने रेषेवरचा डायोडचा व्होल्टेज ड्रॉप मोजण्याची) पानं भरायला घेतली. बॅटरी काढलेली, लाल प्रोब ग्राउंडला, काळी मोजायच्या जागी.

इथे नव्या हाताची हमखास फसगत होते. कनेक्टरवर लेनच्या पिनांना काळी प्रोब लावली की मीटर ‘ओएल’ (मापाबाहेर, म्हणजे वाट उघडी) दाखवतो आणि लगेच निष्कर्ष निघतो: प्रोसेसरपासून ट्रॅक तुटला. तसं नसतं. प्रत्येक लेनच्या प्रत्येक रेषेत ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर मालिकेत असतो, तो डीसी अडवतो. कनेक्टरच्या बाजूला ‘ओएल’ येणं हेच बरोबर. मोजायचं कपॅसिटरच्या पलीकडच्या, प्रोसेसरकडच्या टोकाला. तिथे एका जोडीतल्या दोन्ही रेषांचं रिडिंग सारखं हवं. आकडा किती हे प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे बदलतं, म्हणून आकडा पाठ करू नये. जोडीतला फरक बघावा. एक ०.४१ आणि दुसरी ०.४२ चालेल. एक ०.४१ आणि दुसरी ०.२७ असेल तर तिथेच थांबायचं.

ऑक्सलाही असेच दोन कपॅसिटर असतात.

२० जून

शुक्रवार, बाजाराचा दिवस, गिऱ्हाइकांची वर्दळ. एकच बोर्ड उरकला, पण शिकवण्यासारखा.

बोर्ड ३, मोरजीचं मशीन. पॅनलला ३.३ व्होल्ट नाहीत. ते पाच पायांच्या छोट्या लोड स्विचमधून येतात: एका पायावर ३.३ आत, एकावर बाहेर, एकावर प्रोसेसरच्या बाजूने एनेबल. आत ३.३ आहे, बाहेर शून्य. स्विच गेला असं म्हणून तो बदलणं हा सर्रास प्रकार. आधी एनेबल मोजला: ०.६ व्होल्ट. त्याच रेषेवर जरा मागे, शून्य ओहमच्या रेझिस्टरच्या पलीकडे: ३.३. रेझिस्टर भिंगाखाली पाहिला तर एक टोक काळवंडलेलं, शेजारी मिठासारखी पांढरी कड. काढून मोजला तर ४५० किलोओहमच्या आसपास. स्विचच्या एनेबलवर १०० किलोओहमचा पुलडाउन (रेषा ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर) आहे. ३.३ व्होल्टची ४५० आणि १०० मध्ये वाटणी केली की बरोबर ०.६ येतात. हिशोब जुळला की आपण साप समजून भुई धोपटत नाही याची खात्री पटते.

नवा रेझिस्टर घातला, पॅनलला ३.३ आले, चित्र आलं. स्विच जुनाच.

मोजताना एक खाच लक्षात ठेवायची. पॅनलचे ३.३ व्होल्ट कायम राहतील असं धरू नये. मशीन चालू होताना प्रोसेसर पॅनलला सप्लाय देतो, उत्तराची वाट बघतो, उत्तर नाही आलं की सप्लाय काढून घेतो. अर्ध्या मिनिटाने प्रोब लावणाऱ्याला शून्यच दिसणार, आणि तो निर्दोष स्विच बदलणार. मीटर आधी लावून कमाल नोंद ठेवणाऱ्या मोडवर ठेवायचा आणि मग बटण दाबायचं. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच: सप्लाय वर येऊन खाली पडला असेल तर स्विच चांगला आहे, बिघाड पुढे आहे.

२४ जून

बोर्ड १. सप्लाय वर येतो, सेकंदभरात पडतो. म्हणजे पॅनलचं ‘मी आहे’ पोचत नाही. ते सांगणारी रेषा एचपीडी: ३.३ व्होल्ट मिळाल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पॅनलने ती वर उचलायची असते. मधल्या बोर्डावर एचपीडी ३.३, मदरबोर्डाच्या कनेक्टरवर शून्य. केबल तुटलेली.

केबल बीप मोडवर आधी ‘पास’ झाली होती. बीपवर विसंबू नये, बरेच मीटर तीस-चाळीस ओहमपर्यंत बीप देतात. ओहमवर ठेवून, बिजागरीजवळचा भाग बोटांनी हलकेच वाकवत मोजलं तर आकडा १ वरून उडून ‘ओएल’. केबल बदलली. नवी घालताना बिजागरीभोवतीचा वळसा पूर्वीसारखाच सैल ठेवला. ताणून बसवलेली केबल पुन्हा तिथेच तुटते.

२ जुलै

बोर्ड ५. सप्लाय ठीक, एचपीडी दोन्ही टोकांना ३.३, तरी सप्लाय काही क्षणांनी पडतो. म्हणजे संवाद होत नाही. तो ऑक्सवर होतो: प्रोसेसर ऑक्सवरून पॅनलची ओळख, म्हणजे ईडीआयडी, वाचतो आणि लिंक जुळवण्याची बोलणी करतो.

लेनवरचे २.७ गिगाबिट बघायला लागणारा ऑसिलोस्कोप दुरुस्तीच्या टेबलाला परवडणारा नाही. पण ऑक्स सेकंदाला फक्त १ मेगाबिटने चालतो. १०० मेगाहर्ट्झचा साधा दोन चॅनेलचा स्कोप पुरतो. दोन प्रोब दोन रेषांवर, एकातून दुसरा वजा करायचा, सिंगल ट्रिगर लावून मशीन चालू करायचं.

कपॅसिटरच्या प्रोसेसरकडच्या बाजूला पुंजके दिसले: एक, मग दुसरा, मग तिसरा, सगळे एकाच तोंडावळ्याचे. प्रश्न विचारला जातोय, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा तोच प्रश्न. चांगल्या बोर्डावर प्रत्येक पुंजक्यामागे थोड्याच अवधीत वेगळ्या उंचीचा उत्तराचा पुंजका असतो. कपॅसिटरच्या पॅनलकडच्या बाजूला एका रेषेवर पुंजका, दुसरीवर सपाट. तो कपॅसिटर काढला तर हातात दोन तुकडे आले.

आकार ०२०१, म्हणजे ०.६ बाय ०.३ मिलिमीटर. जोडीतले दोन्ही बदलले. हॉट एअर लावण्याआधी शेजारचा डिस्प्ले कनेक्टर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने झाकला, नाहीतर प्लॅस्टिक वितळून पिना सुटतात. हवा कमीत कमी, नोझल बारीक, फ्लक्स भरपूर. या आकाराचा भाग जोराच्या हवेत उडून कुठे जातो ते शोधण्यात वेळ घालवू नये, दुसरा घ्यावा. ऑक्सवर ०२०१ च्या जागी ०४०२ बसवला तरी चालतो, वेग कमी आहे. लेनवर मात्र मूळ आकारच.

८ जुलै

बोर्ड २. फुल एचडी पॅनल, चित्र रंग सोडून फडफडतं, कधी येतच नाही. पॅनल खराब असेल म्हणून टेबलावरचं १३६६ बाय ७६८ चं एचडी पॅनल लावलं तर चित्र स्वच्छ. इथे ‘पॅनल गेलं’ असा निकाल देणं सोपं होतं आणि चूक होतं. गिऱ्हाइकाला नव्या पॅनलचा खर्च पडला असता आणि बिघाड जिथल्या तिथे राहिला असता.

हिशोब असा. एका लेनवर २.७ गिगाबिट, त्यातले ८० टक्के कामाचे: २.१६. एचडी पॅनलला पिक्सेल क्लॉक ७६ मेगाहर्ट्झच्या आसपास, गुणिले १८ बिट: १.३७ गिगाबिट. एका लेनमध्ये आरामात बसतं, आणि हे पॅनल लेन एक वापरतच नाही. फुल एचडीला क्लॉक १३८ मेगाहर्ट्झच्या वर, १८ बिटांनीही २.५ गिगाबिट. दोन लेन हव्याच. म्हणजे एचडी पॅनल चालणं हे फक्त लेन शून्य, ऑक्स आणि सप्लाय चांगले असल्याचं प्रमाणपत्र आहे. लेन एकबद्दल ते काही सांगत नाही.

लेन एकच्या प्रोसेसरकडच्या बाजूला दोन्ही रिडिंग सारखी. मग कपॅसिटर. एक मोजला तर ९८ नॅनोफॅराड, दुसरा जवळपास शून्य. स्क्रूच्या भोकाजवळच आहे, बोर्ड वाकल्याने तडकला असणार. जोडीतली एक रेषा तुटली तरी दुसरीवरून अर्धामुर्धा सिग्नल जातो, म्हणून लिंक कधी जुळते, कधी नाही. पूर्ण तुटलेली जोडी यापेक्षा बरी, निदान गोंधळ घालत नाही.

टेबलावर दोन्ही प्रकारची चांगली पॅनलं हवीत. वहीत ‘चांगल्या पॅनलवर तपासलं’ एवढं लिहायचं नाही. कोणतं ते लिहायचं.

१५ जुलै

बोर्ड ८, डिचोलीहून आलेलं जुनं मशीन, ४० पिनांचं एलव्हीडीएस (ईडीपीच्या आधीची पॅनल जोडणी). पडदा पांढराफटक. इथे मालिकेत कपॅसिटर नाहीत, त्यामुळे डायोड रिडिंग थेट कनेक्टरवर मिळतं. चालू असताना प्रत्येक रेषेवर सुमारे १.२ व्होल्ट हवेत. बंद असताना, पॅनल जोडून, जोडीच्या दोन रेषांमध्ये १०० ओहमच्या आसपास हवं, कारण टर्मिनेशन (जोडीच्या टोकाचा रेझिस्टर) पॅनलात असतं. क्लॉकच्या जोडीत ते मिळालं नाही. पॅनलच्या बाजूचा कनेक्टर गंजलेला निघाला, पिन १७ आणि टाक्याच्या मध्ये केसाएवढी फट. नवा टाका घातला, काम झालं.

धोक्याची नोंद: ४० पिनांची एलव्हीडीएस केबल ४० पिनांच्या ईडीपी पॅनलात हुबेहूब बसते. बसते म्हणून चालते असं नाही. एलव्हीडीएसमध्ये पिन २ व ३ वर ३.३ व्होल्ट. ईडीपीच्या ४० पिनांत २ म्हणजे ग्राउंड आणि ३ म्हणजे लेनची रेषा. बटण दाबताक्षणी ३.३ थेट ग्राउंडला. टेबलावरच्या सगळ्या एलव्हीडीएस केबलींना आज लाल टेप लावला.

२१ जुलै

बॅकलाइटचा गट.

बोर्ड ४: बॅकलाइट सप्लायच्या वाटेवरचा फ्यूज उघडा. फ्यूज उगाच जात नाही. तो बदलण्याआधी दोन मोजमापं, केबल काढून: बोर्डाच्या बाजूला पिन २६ ते ग्राउंड, आणि पॅनलच्या बाजूला तेच. बोर्ड स्वच्छ, पॅनल २ ओहम. पॅनलच्या पट्टीवर एलईडी ड्रायव्हरच्या शेजारचा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट. १ व्होल्ट, १ अँपिअरच्या मर्यादेने सप्लाय देऊन बोट लावलं तर तोच एक तापत होता. कपॅसिटर बदलला, मग फ्यूज. फ्यूज मूळच्याच अँपिअरचा. जाड वायरचा जम्पर घालणं म्हणजे पुढच्या शॉर्टला प्रोसेसरचा पत्ता देणं.

बोर्ड ६, हरमलचं. फ्यूज ठीक, १९ व्होल्ट ठीक, पीडब्ल्यूएमवर मीटर १.६५ दाखवतो. ते अर्धवट व्होल्टेज नाही, ३.३ व्होल्ट निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद, त्याची सरासरी. एनेबल शून्य. एनेबल एकट्या प्रोसेसरच्या हातात नसतो, कीबोर्ड-बॅटरी सांभाळणारा ईसीही तो खाली ओढू शकतो. आणि ईसी ओढतो तो झाकण बंद आहे असं वाटलं की. झाकणाच्या हॉल सेन्सरच्या (चुंबक ओळखणाऱ्या भागाच्या) आउटपुटवर, चुंबक जवळ नसताना, ३.३ हवेत. मिळाले ०.५५.

सेन्सर बदलला, पुन्हा ०.५५. म्हणजे सेन्सर निर्दोष. या रेषेला १०० किलोओहमचा पुलअप (रेषा ३.३ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) आहे. पायांमधला पांढरट थर ग्राउंडकडे सुमारे २० किलोओहमची वाट देत होता: ३.३ गुणिले २० भागिले १२०, बरोबर ०.५५. ब्रशने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासलं, वाळवलं, ३.३ आले. सेन्सर फुकट बदलला गेला.

किनारपट्टीच्या मशीनांत हे पुन्हा पुन्हा दिसणार, म्हणून सविस्तर लिहिलं. खारी, दमट हवा सगळ्या रेषांना सारखा त्रास देत नाही. सप्लायच्या रेषेला २० किलोओहमची गळती जाणवतही नाही. जिथे १०० किलोओहमचा पुलअप आहे, तिथे तीच गळती रेषा खाली बसवते. पावसाळ्यात ‘दुपारी चालतं, सकाळी नाही’ असं गिऱ्हाईक सांगत असेल तर आधी अशा रेषा बघाव्यात.

४ ऑगस्ट

सफाईची पद्धत ठरली. डिस्प्ले कनेक्टरच्या वरून ब्रश मारून भागत नाही, मीठ कनेक्टरच्या पोटाखाली असतं. अल्ट्रासॉनिक, मग आयसोप्रोपिलने धुणं, मग ६० ते ७० अंशांवर चार तास. या दिवसांत पंख्याखाली वाळवणं म्हणजे ओल्याला ओलं. हवेतच पाणी आहे. कोटिंग रेझिस्टर आणि सेन्सरभोवती, कनेक्टरच्या पिनांना अजिबात नाही.

बोर्ड ७: सप्लाय, एचपीडी, ऑक्स सगळं ठीक, उत्तरंही येतात. लेन शून्यच्या एका रेषेवर प्रोसेसरकडच्या बाजूला ०.०४, जोडीदारावर ०.३९. दोन्ही कपॅसिटर काढून पुन्हा मोजलं, तेच. ट्रॅक भिंगाखाली स्वच्छ. शॉर्ट प्रोसेसरच्या आत. कनेक्टरवर २३ ते २६ दरम्यान काळा डाग आहे, आधी कुणीतरी चालू बॅटरीवर केबल घातली असणार. हा बोर्ड दुरुस्त करत नाही. पॅनलची केबल काढून, कनेक्टरवर कॅप्टॉन टेप लावून, एचडीएमआय मॉनिटरवर चालवायचं मशीन म्हणून परत. पावतीवर मोजमाप आणि कारण लिहिलं.

११ ऑगस्ट

बोर्ड १ ते ६ आणि ८, प्रत्येकी दोन तास चालवून, झाकण पन्नासदा उघड-बंद करून तपासले. १ ची केबल ठीक. ६ च्या हॉल सेन्सरवर सकाळी आठला, खिडकी उघडी ठेवून, ३.२८.

मागवायचं: ०.१ मायक्रोफॅराड ०२०१ पन्नास नग, शून्य ओहम ०४०२ पन्नास, ३० पिनांचे पॅनल कनेक्टर पाच, कॅप्टॉन टेपचा एक रोल.